लीलावतीचं इंजिन

मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये त्या दिवशी जानेवारीतला बारीक, हाडं गोठवणारा पाऊस पडत होता. ज्ञानदा कुबल लॅबच्या पंपासाठी रबरी रिंगा घ्यायला एका स्पेअर पार्टच्या दुकानात शिरली, तेव्हा काउंटरपाशी एक उंच तरुण उभा होता आणि त्याच्याभोवती चांगलीच करमणूक चालली होती.

"बोट का इंजन है, पाजी," तो तिसऱ्यांदा सांगत होता. "बोट. नाव. किश्ती."

दुकानदार सरदारजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "चंडीगढ़ विच बोट?" मग आतल्या माणसाला हाक मारून म्हणाले, "ओए, समुंदर आ गया क्या सेक्टर सतरा में?"

सगळे हसले. तरुणही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. हातातला तुटक्या पाकळ्यांचा काळा रबरी तुकडा जॅकेटच्या खिशात कोंबत तो स्वतःशीच पुटपुटला, "काय मूर्ख आहे मी... बाबा, तुम्ही पण ना, यार!"

मराठी! या शहरात दोन वर्षं काढलेल्या ज्ञानदाला हसू आवरलं नाही. तिने सरळ हात पुढे केला.

"दाखवा बघू."

तो दचकला. मग मुकाट्याने त्याने तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"हा इंपेलर. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा. सहातल्या चार पाकळ्या गेल्यात. आणि इथे कोणाला बोट म्हणू नका. एक तर हसतील, नाही तर तिप्पट किंमत लावतील. जनरेटरचा पंप म्हणा."

तिने सरदारजींना माप सांगितलं, आतली दोन खोकी उपसायला लावली आणि दहा मिनिटांत जवळजवळ तसाच एक इंपेलर काउंटरवर आला. जेमतेम दोनशे रुपयांना.

"तुम्ही मेकॅनिक आहात?" त्याने डोळे मोठे करून विचारलं.

"नॉलेज सिटीत रिसर्च इन्स्टिट्यूट आहे ना, तिथल्या वर्कशॉपमध्ये आहे मी. शास्त्रज्ञांनी बिघडवलेली यंत्रं दुरुस्त करते."

"मग बोटीचं इंजिन कुठे शिकलात?"

"मालवणात. रांगायला लागल्यापासून."

तो खळखळून हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक खळी पडली, फक्त एकाच गालावर. ज्ञानदाने नजर चटकन रिंगांच्या पुडीकडे वळवली. पण खळी दिसायची ती दिसली होती.

त्याचं नाव इंद्रजित शितोळे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तो लहान मुलांच्या हृदयविकारांचं शिक्षण घेत होता. मागच्या टपरीवर चहा पिताना त्याने सगळं सांगून टाकलं. त्याचे वडील सैन्यात कर्नल होते. आयुष्यभर डोंगर आणि वाळवंट पाहिलेल्या या माणसाला निवृत्तीच्या तोंडावर समुद्राचं वेड लागलं आणि त्यांनी रत्नागिरीजवळ जयगडच्या खाडीत एक जुनी शिडाची बोट विकत घेतली. स्वतःच्या आईच्या नावावरून तिचं नाव ठेवलं लीलावती. बोटीच्या पोटात एक दोन सिलिंडरचं म्हातारं डिझेल इंजिन होतं, वारा पडला की कामाला येणारं. ते बंद होतं. पंजाबात ट्रॅक्टरच्या इंजिनाला नवा जन्म देणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत म्हणून कर्नलसाहेबांनी ते ट्रकवर घालून इथे, पिंजौरच्या भाड्याच्या घरी आणवलं. आणि हात लावायच्या आत, एका सकाळी बागेत पाणी घालताना खाली कोसळले.

"दीड वर्ष झालं," इंद्रजित म्हणाला. "इंजिन शेडमध्ये पडलंय. मला ते चालू करायचंय. पण... बजेट अगदी टाइट आहे. आणि अक्कल त्याहून टाइट."

"ताजी बातमी आहे का ही?"

"अकलेची? नाही, जुनी आहे."

आता खळी पुन्हा पडली. ज्ञानदाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "शनिवारी बघायला येते. नुसतं बघायला हं."

*

नुसतं बघायला म्हणून गेलेली ज्ञानदा पुढचे पाच महिने दर शनिवारी एअरोसिटीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीतून निघून, दोन बस बदलून पिंजौरला जात राहिली.

शेड घराच्या मागे होतं, पत्र्याचं, आंब्याच्या झाडाखाली. मध्यभागी लाकडी ओंडक्यांवर ते इंजिन बसलेलं. गंजाने तांबूस झालेलं, जागोजागी मिठाचे पांढरे पोपडे धरलेलं. ज्ञानदाने पहिल्या दिवशी इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, दोन्ही हात ठेवून जोर लावला. हललं नाही. तिने सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतलं, झाकलं आणि म्हणाली, "आता आठवडाभर त्याला भिजू दे. घाई केली तर तुटेल."

"पेशंटला असंच सांगतो मी," इंद्रजित म्हणाला. "त्यांना वाटतं डॉक्टरला काही येत नाही."

"मग तुलाही तसंच वाटू दे की!"

तिसऱ्या आठवड्यात फ्लायव्हील करकरत अर्धा वेढा फिरलं. इंद्रजितने आनंदाने तिचा तेलकट हात धरून हलवला, आणि मग सोडायचं विसरला. दोघांच्याही ते लक्षात आलं. "अहो-जाहो" त्या दिवशी संपलं.

त्याच्या आई, वंदनाकाकू, दुपारी दारातून हाक मारत, "अगं ज्ञानदा, ये गं, थालीपीठ लावलंय! त्याला राहू दे उपाशी, लोखंड खाईल तो." नवरा गेल्यापासून या घरात कोणी मोठ्याने हसलं नव्हतं, असं त्या एकदा तिला म्हणाल्या आणि लगेच लोण्याची वाटी पुढे सरकवून विषय बदलला.

पैसे थोडे होते, त्यामुळे डोकं जास्त चालवावं लागे. इंजिन बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद झालेली. पण पिस्टनच्या रिंगा विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाला लागतात त्याच मापाच्या निघाल्या. जोडांतून गळू नये म्हणून बसवायचं गॅसकेट ज्ञानदाने कागदावर छाप घेऊन हाताने कापलं. डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ करून घेतले. रात्रपाळी संपवून इंद्रजित तसाच यायचा, न झोपता, आणि वाळूच्या कागदाने गंज घासत बसायचा. कधी घासता घासता त्याची मान लवंडायची. ज्ञानदा मग पान्हा हळूच खाली ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून.

"तू झोपलास की बरा दिसतोस," ती एकदा म्हणाली.

"आणि जागा असतो तेव्हा?"

"जागा असतोस तेव्हा बडबडतोस."

"तू मालवणीत शिव्या देतेस तेव्हा मला काही कळत नाही, पण ऐकत राहावंसं वाटतं."

"त्या इंजिनाला असतात."

"पक्का?"

तिच्या गालाला ग्रीसचा डाग होता, तो पुसायला त्याने चिंधी पुढे केली, आणि तो डाग पुसायला... जरा जास्तच वेळ लागला.

मार्चमध्ये एकदा ते दोघे सुखना तलावावर गेले. पाण्यावर पायडलच्या बोटी हंसासारख्या फिरत होत्या. इंद्रजित म्हणाला, "मी समुद्रावर कधी बोटीत बसलोच नाही. बाबा सांगायचे ते ऐकलंय फक्त."

मग ज्ञानदा बोलत राहिली. पहाटे खाडीतून बाहेर पडताना वारा आधी मानेला कसा लागतो... जयगडहून निघालं की संध्याकाळपर्यंत कुठे पोचता येईल... शीड भरलं की इंजिन बंद करायचं, आणि मग जी शांतता होते ती कशी असते. "ऑक्टोबरात जाऊ," ती म्हणाली. "पाऊस ओसरला की. आपण दोघं, आणि काकू आल्या तर काकू." इंद्रजित तिच्याकडे बघत होता. "सांग ना आणखी," एवढंच तो म्हणाला.

*

चीर एप्रिलमध्ये सापडली.

ज्ञानदाने इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जड बिडाचं झाकण, घासून लख्ख केलं होतं. मग वडिलांनी, आबांनी, शिकवलेली जुनी युक्ती केली. त्यावर रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि खडूची पूड फासली. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर एक ओली रेघ उमटली. केसाएवढी. दोन्ही झडपांच्या मधून थेट पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली.

नवीन हेड परदेशातून मागवायचं तर इंद्रजितच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा खर्च. दोघांनी ते हेड रिक्षात घालून मनीमाजऱ्यात एका वयस्क वेल्डरकडे नेलं. त्याने ते भट्टीत तापवलं, चीर बिडाच्या काडीने भरली, राखेत पुरून दोन दिवस निवू दिलं. परत देताना त्याने ज्ञानदाकडे नाही, इंद्रजितकडे बघून सांगितलं, "चल तो जाएगा, डॉक्टर साब। पर इस पे भरोसा मत करना।"

परतीच्या वाटेवर ज्ञानदाने तेच मराठीत पुन्हा सांगितलं. "हे आपल्या दोघांपुरतं आहे. किनाऱ्याच्या नजरेत राहायचं, शिडावर जायचं, इंजिन फक्त खाडीत शिरताना. सलग तासन् तास चालवलं तर हे पुन्हा उघडेल. पाणी सिलिंडरमध्ये जाईल आणि इंजिन जागच्या जागी बसेल."

"एवढं घाबरतेस?"

तेव्हा तिने त्याला आबांची गोष्ट सांगितली. इथे कोणालाच सांगितली नव्हती ती. तिचे वडील वामन कुबल, मालवण बंदरातले नावाजलेले इंजिनवाले. ती बारावीत असताना एकाने घाईघाईत होडीचं इंजिन दुरुस्तीला आणलं. आबांना काम मनासारखं वाटलं नव्हतं. पण माणूस घाईत होता, मासळीचे दिवस होते, आणि आबा म्हणाले, चालेल. तिसऱ्या दिवशी इंजिन खडकांजवळ बंद पडलं. होडीतले दोघे परत आले नाहीत. आबांना कोणी बोल लावला नाही, त्या घरच्यांनीसुद्धा नाही. पण आबांनी दुकानाला कुलूप घातलं आणि ते आजपर्यंत काढलं नाही.

रिक्षा कालका रस्त्यावरून खडखडत चालली होती. इंद्रजितने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पिंजौर येईपर्यंत सोडला नाही. ज्ञानदाला वाटलं, आता सांगायचं काही शिल्लकच उरलं नाही. या माणसाला माझं सगळं ठाऊक आहे.

*

जूनमधल्या एका शनिवारी, सकाळी अकरा वाजता, इंजिन चालू झालं.

पहिल्यांदा नुसतंच खोकलं. दुसऱ्यांदा काळ्या धुराचा लोट सोडला. तिसऱ्या वेळी ज्ञानदाने हँडल मारलं आणि ते धडधडायला लागलं, आधी अडखळत, मग एकसारखं, ठाम. शेडचा पत्रा थरथरू लागला. वंदनाकाकू हातात लाटणं तसंच घेऊन धावत आल्या, दारातच थबकल्या आणि पदराने डोळे पुसत परत वळल्या.

इंद्रजितने ज्ञानदाला कवेत घेतलं. त्या आवाजात त्याला तिच्या कानाशी ओरडून बोलावं लागलं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे!"

"काय? ऐकू येत नाही!"

"खोटं बोलतेस! ऐकलंस तू!"

ऐकलं होतं तिने. तिला फक्त पुन्हा ऐकायचं होतं. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून नाही, आणि मग तिच्या कपाळावर ओठ टेकले. तिच्या केसांना डिझेलचा वास येत होता, त्याच्या शर्टाला हॉस्पिटलचा. आयुष्यात इतकं सुख आपल्याला कधी झालं होतं का, हे तिला आठवेना.

मग त्याने मोबाइल काढून इंजिनाचा व्हिडिओ घेतला. पाठवला. ज्ञानदा इंजिन बंद करून हात पुसत होती, तोच फोन वाजला. इंद्रजित शेडबाहेर आंब्याखाली गेला, पण नुकत्याच शांत झालेल्या त्या जागेत प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"हाँ नरेशजी, देखा ना? बोला था आपको, जून तक चालू करवा दूँगा... हाँ, हाँ, वही रेट। अब तो पक्का समझूँ?"

तो आत आला, तेव्हा ती तशीच उभी होती. हातात चिंधी.

"नरेश कोण?"

त्याचा चेहरा उतरला. "मी सांगणारच होतो."

नरेश गोव्यातला. पर्यटकांना संध्याकाळी समुद्रात फिरवून आणायचा त्याचा धंदा. लीलावती त्याला डिसेंबरातच पसंत पडली होती. अट एकच, इंजिन चालू हवं. इंद्रजितला मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात दोन वर्षांच्या शिक्षणाची जागा मिळाली होती. ऑगस्टमध्ये जायचं होतं आणि त्याआधी पैसे भरायचे होते. बोट सोडली तर बाबांनी मागे काहीच ठेवलं नव्हतं.

"डिसेंबर," ज्ञानदा म्हणाली. "आपण भेटलो जानेवारीत."

"हो."

"आणि ऑक्टोबरातलं... मी सुखनावर बोलत होते, ते तू ऐकत होतास."

"तू बोलताना इतकी छान दिसत होतीस. मला ते मोडवेना, ज्ञानदा. मला वाटायचं, पुढच्या शनिवारी सांगू. मग पुढच्या. खरं सांगितलं असतं तर तू केलं असतंस का हे काम?"

"केलं असतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "तू म्हणाला असतास, मला जायचंय, मदत कर, तर प्रत्येक शनिवारी आले असते. तेवढंही तुला विचारता आलं नाही."

त्याने नजर इंजिनाकडे वळवली. मग म्हणाला, "दोन वर्षांनी मी परत येणार आहे. मघाशी जे बोललो ते खोटं नाही."

ते खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. म्हणूनच तर जास्त लागलं. ती पर्स उचलून निघाली आणि दारापाशी थांबली.

"नरेशला हेडचं सांगितलंयस?"

इंद्रजितने मान खाली घातली. "तो पुढेमागे नवीन इंजिन टाकेलच. आत्ता सांगितलं तर... प्लीज. त्याचा तुला फोन येईल. मेकॅनिकशी बोलायचंय म्हणाला. तू फक्त इतकंच सांग, चालतंय म्हणून. चालतंय ना?"

*

फोन गुरुवारी दुपारी आला. ज्ञानदा इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभी होती. मधल्या पाच दिवसांत तिने इंद्रजितला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच सांगितलं, "तू सांग. तू सांगितलंस तर मला सांगावं लागणार नाही." तिन्ही वेळा तो म्हणाला, "बघतो."

आबांनाही तिने फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या दिसा माझ्या तोंडातसून एक शब्द भायर पडलो नाय गो. तो अजून गळ्यात आसा." आणि फोन आईकडे दिला.

नरेशचा आवाज मोकळा, धंदेवाईक होता. कौतुक करत त्याने विचारलं, "मॅडम, सीझन में दिन की दो ट्रिप होंगी। बारह-चौदह टूरिस्ट। डेढ़-दो घंटे इंजन पे। खींच लेगा ना?"

बारा-चौदा माणसं. ज्ञानदाने लेथ बंद केलं.

त्या क्षणी तिच्या मनात काय काय येऊन गेलं, ते पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली. तिला आबा दिसले. खडूवरची ती ओली रेघ दिसली. आणि त्यातच, चोरासारखा, एक विचार येऊन गेला — बोट विकली गेली नाही, तर तो जाणार नाही.

"नहीं," ती म्हणाली. "नहीं खींचेगा।" आणि तिने चीर कुठे आहे, कशी भरली आहे, काय होऊ शकतं, ते सगळं नीट समजावून सांगितलं. नरेशने तिचे आभार मानले. मनापासून मानले.

बोट विकली गेली, पण नुसतीच, इंजिनाशिवाय. नवं इंजिन नरेश घालणार होता, त्यामुळे किंमत निम्म्याहून खाली आली. पैसे पुरले नाहीत आणि मेलबर्नच्या जागेची मुदत टळली. ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

जागा गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी इंद्रजितचा एकच फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "मुलांची हृदयं दुरुस्त करायला शिकायला चाललो होतो, ज्ञानदा. मजा मारायला नाही. तुला सूड घ्यायचा होता, तर दुसरा कुठला तरी घ्यायचास."

"सूड नाही रे, इंद्रजित. तुला ठाऊक आहे. रिक्षात मी तुला—"

त्याने फोन ठेवला होता.

*

ऑगस्टच्या मध्यावर वंदनाकाकूंचा फोन आला. पिंजौरचं घर सोडून त्या मुलीकडे नाशिकला चालल्या होत्या. "तुझी हत्यारं शेडमध्ये आहेत गं. घेऊन जा. मी नसेन, बँकेत जायचंय. किल्ली कुंडीखाली ठेवते." बोलता बोलता थांबून त्या म्हणाल्या, "तू चुकलीस असं मला वाटत नाही. पण तो माझा मुलगा आहे ना."

किल्ली कुंडीखाली नव्हती. शेड उघडं होतं आणि आत इंद्रजित होता. इंजिन भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेलं होतं. नेण्याआधी इंद्रजितने हेड घणाने फोडायला लावलं होतं, म्हणजे पुन्हा कोणी ते कुठे बसवू नये. हे त्याने आपण होऊन सांगितलं, तिच्याकडे न बघता. ज्ञानदाला त्याचा हात धरावासा वाटला.

ती खाली बसून पान्हे गोळा करू लागली. तोही समोर बसून एकेक पुसून देऊ लागला. दोन महिन्यांत तो वाळला होता. दाढी वाढली होती. हॉस्पिटल तेच, शहर तेच, दोघांच्या मध्ये जेमतेम पंधरा किलोमीटर, आणि तरी इतक्या दिवसांत ते एकदाही समोरासमोर आले नव्हते.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे," तो म्हणाला.

"मिळेल तुला."

"बघू." शेवटचा पान्हा त्याच्या हातातच राहिला. "मी खूप विचार केला. तू म्हणालीस ते, सूड नाही. मला खरंच ते खरं मानायचंय. एकच विचारतो. त्या दिवशी नरेशशी बोलताना, एका क्षणासाठी तरी, मी राहावं असं तुझ्या मनात आलं होतं का?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याचे डोळे तिच्यावर खिळले होते, त्यात इतकी आशा होती की ज्ञानदाला बघवेना. नाही म्हणायचं होतं फक्त. एक छोटासा शब्द. नाही म्हटलं असतं तर त्याने हातातला पान्हा टाकून तिला जवळ घेतलं असतं. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

"आलं होतं," ती म्हणाली. "प्रेम आहे माझं तुझ्यावर, मनात येणार नाही का? पण सांगितलं ते त्यासाठी नाही. तू उद्या परत येणार असतास, किंवा कधीच जाणार नसतास, तरी तेच सांगितलं असतं. चौदा माणसं, इंद्रजित—"

पण तो पहिल्या शब्दापाशीच थांबला होता. तिने ते त्याच्या चेहऱ्यावर घडताना पाहिलं. त्याच्यावर प्रेम असल्याचं आजवर तिने शब्दांत एकदाही म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, आणि त्याने ते गुन्ह्याच्या कबुलीसारखं ऐकलं.

त्याने पान्हा तिच्या पिशवीत ठेवला. हलकेच, आवाज न करता.

"खरं बोललीस," तो म्हणाला. "थँक यू."

फाटकापर्यंत तो सोडायला आला. पिशवी जड होती, ती त्याने उचलली होती. बस लांबून दिसली तशी त्याने पिशवी तिच्या खांद्याला लावली आणि सवयीने, पाच महिने दर शनिवारी म्हणायचा तसंच, म्हणून गेला, "पोचलीस की मेसेज कर."

मग दोघंही ओशाळले. बस आली. तिने वर चढून मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी साडेतीनला ती एअरोसिटीत पोचली. पिशवी दाराशी ठेवली, तोंडावर पाणी मारलं, पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ मोबाइल हातात नुसता धरून होती. मग तिने लिहिलं — पोचले. आणि पाठवलं.

दोन करड्या खुणा उमटल्या. थोड्या वेळाने त्या निळ्या झाल्या. त्याने वाचलं होतं.

ती बसून राहिली. पण पुढे काही आलं नाही.